लांब चोचीची पक्कड

९ जून

औषधांच्या कंपनीने जानेवारीत वाटलेली डायरी सहा महिने कपाटात कोरी पडून होती. आज उघडली. कामाची नोंद सेंटरच्या रजिस्टरमध्ये होतेच. ही माझी.

काम काय, तर स्कॅनच्या मशीनमध्ये जाण्याआधी माणसाच्या अंगावरचं सगळं लोखंड-पोलाद उतरवून घ्यायचं. आत मोठं चुंबक असतं आणि ते कधीच बंद होत नाही. घड्याळ, पट्टा, किल्ल्या लोक आपापल्या काढतात. कानातलं, नाकातलं, भुवईतलं, जिभेतलं, बेंबीतलं निघत नाही तेव्हा मला हाक मारतात. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. बारा वर्षांपूर्वी ह्यांनीच आपल्या हत्यारांच्या पेटीतली लांब चोचीची पक्कड मला दिली. चोचीला मी चिकटपट्टी गुंडाळलीय, कातडीला लागू नये म्हणून. सेंटरमध्ये मला पक्कडताई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे राग येत नाही.

आज घरीही तेच काम निघालं. लेकीने तीन आठवड्यांपूर्वी डाव्या कानाच्या वरच्या कडेला रिंग टोचून आणली होती. तेव्हाच सांगितलं होतं की तिथे मांस नाही, नुसता कडक भाग आहे, पिकणार. पिकला. कान लालबुंद, हात लावला की पू. ती म्हणाली, डॉक्टरकडे जाऊन येते. म्हटलं, परवा नोकरीच्या गावाला निघायचंय, आता कुठे रांगेत बसतेस, घरात पक्कडताई असताना. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं, स्पिरिटने पुसलं आणि एका झटक्यात रिंग बाहेर. दोन मिनिटांचं काम. आधी 'नको, नको' चाललं होतं, काढल्यावर एकदम गप्प झाली. भोक संध्याकाळपर्यंत बुजलंसुद्धा. रिंग मी कचऱ्यात टाकली.

११ जून

लेक गेली. नकाशे काढणाऱ्या ऑफिसात लागलीय, बसने सात तास. तिच्याबरोबर नवे टॉवेल दिले, गुलाबी, कडेला पांढरी वेल. बस सुटायच्या आधी विचारलं, कान कसा आहे? म्हणाली, ठणकतोय. म्हटलं, घाण निघून गेली की दोन दिवस ठणकतंच.

खिडकीतून तिने हात केला तो बहुतेक ह्यांना. मी पलीकडच्या बाजूला उभी होते.

२१ जून

फोन दीड मिनिट. थोडा ताप आहे म्हणाली. नवं पाणी. पाणी उकळून पी म्हटलं. हूं म्हणाली. कानाचं विचारायच्या आत ठेवलासुद्धा.

२९ जून

ह्यांना कंपनीने अचानक पाच दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला आता कसलं ट्रेनिंग देतात कोण जाणे. नव्या मॉडेलचं म्हणे. फोन आल्यावर हे इतक्या घाईत निघाले की दाढीचं सामान विसरले.

४ जुलै

हे आले. दमलेले दिसतात, वर्गात बसायची सवय राहिली नाही. बॅगेतले कपडे धुवायला काढले तर त्यात एक गुलाबी टॉवेल, कडेला पांढरी वेल. विचारलं, हा कुठला? म्हणाले, लॉजवाल्याने चुकून दिला असेल. तसलेच टॉवेल मी लेकीला दिले होते. पण तसे टॉवेल बाजारात ढिगाने मिळतात. धुऊन ठेवला, आहे तर वापरू.

नव्या मॉडेलमध्ये काय शिकवलं ते विचारलं. म्हणाले, दार. दार बंद होतं ते नवीन आहे. एवढंच.

१८ ऑगस्ट

लेक आता रविवारी चित्रासकट फोन करते. तिच्या बापाशी पंधरा मिनिटं, माझ्याशी तीन. फोन कुठेतरी टेकवून ठेवते, त्यामुळे आपल्याला एकच बाजू दिसते, उजवी. समोर ठेव की म्हटलं. म्हणाली, खिडकी या बाजूला आहे, उजेड इकडूनच येतो. केस वाढवलेत. पूर्वी गळ्याला घाम येतो म्हणून दोन बोटं वाढले की कापून यायची. नोकरी लागली की मुलींना अशा हौशी सुचतातच.

माझ्यावर राग आहे हे मला कळतं. रिंग काढली त्याचा. एवढ्याशा तारेच्या तुकड्यासाठी दोन महिने रुसायचं म्हणजे फार झालं. तिची ती रिंग होती, मान्य. पण पिकलेला कान घेऊन परगावी जाऊ द्यायचं होतं का? तशी वेळ आली तर मी परतही काढीन.

५ सप्टेंबर

आज तक्रार आली. बारा वर्षांत पहिली.

परवा सत्तरीच्या एक बाई डोक्याच्या स्कॅनला आल्या होत्या. टायपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या. भुवईत बारीक कडं. मी हसले नाही, पण त्यांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, थोरल्या बहिणीने आणि मी एकाच दिवशी टोचून घेतलं, तिला भीती वाटत होती म्हणून आधी मी बसले. बहीण आता नाही. मी कडं काढून डबीत ठेवलं, चिठ्ठी लावली, सगळं रीतसर. पाऊण तासाने बाहेर आल्या तर कडं आत जाईना. भोक बुजलेलं. मी जोर लावायला गेले तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि आरसा मागितला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "काढण्यात तुमचा हात धरणारं कुणी नाही. ठेवण्याचं काय?" आवाज अजिबात चढवला नाही. घरी जाऊन दोन पानं टाइप करून पाठवली, एकही चूक नाही.

डॉक्टर म्हणाले, भोक उघडं ठेवायची काहीतरी पद्धत असणार, शिकून घ्या. कुणाकडून, ते त्यांनाही माहीत नाही.

१२ ऑक्टोबर

लेक चार दिवस येऊन गेली. कालच गेली.

बारीक झालीय. केस खांद्यापर्यंत, दिवसरात्र मोकळे. जेवतानाही ताटात येतात तरी बांधत नाही. तेल लावून देते म्हटलं तर म्हणाली, मीच लावते, आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून लावलं. बसायला माझ्या डाव्या हाताची खुर्ची धरते, म्हणजे तिचा उजवा गाल माझ्याकडे. आधी दुसरी खुर्ची तिची होती, त्यावरून लहानपणी माझ्याशी भांडायची.

चष्मा नवीन, तारेचा. पण डावीकडे ओघळल्यासारखा बसतो. दर दोन मिनिटांनी बोटाने वर करते. म्हटलं, दुकानदाराने फसवलं तुला, नीट बसवूनही दिला नाही. ती म्हणाली, "दुकानदाराची चूक नाही." म्हटलं, थांब, काडी जरा वाकवली की झालं, पक्कड आणते. मी उठलेसुद्धा.

"नको आई," ती म्हणाली. "पक्कड नको."

हे तेवढ्यात पेपर घेऊन गच्चीत गेले. बाहेर वारा इतका की पेपर हातात टिकत नव्हता, तरी तिथेच उभे राहिले.

मी चष्म्याचा विषय सोडला. चष्मा तिचा, डोळे तिचे.

६ नोव्हेंबर

शेवटी शिकायला गेले. सेंटरच्या मागच्या गल्लीत टोचायचं आणि गोंदायचं दुकान आहे. इतकी वर्षं समोरून जाते, आत पाय ठेवला नव्हता. मालकाला मी मनातल्या मनात टोच्या म्हणते. मानेपर्यंत गोंदलेला, जाडजूड, आवाज मात्र मऊ. त्याचं टेबल आमच्या सेंटरच्या टेबलापेक्षा स्वच्छ आहे, हे कबूल करायला हवं. सुई वापरली की पिवळ्या डब्यात. हातमोजे प्रत्येक वेळी नवे. पहिल्या गिऱ्हाइकाला त्याने माझ्यादेखत परत पाठवलं. मुलीला मनगटावर काहीतरी गोंदवून हवं होतं आणि ती सारखी फोनकडे बघत होती. "पुसायला वर्ष जातं, ताई," तो मला म्हणाला, "आणि तरी डाग राहतो. उद्या पण हवं असेल तर उद्या येईल."

पद्धत सोपी आहे. सलाईनसाठी सुई टोचतात, तिच्यावर मऊ प्लॅस्टिकची नळी असते. सुई फेकून द्यायची, नळी ठेवायची. बाळीचं टोक नळीच्या तोंडात घालायचं आणि बाळी मागे ओढताना नळी पुढे ढकलायची. एकाने उठायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याने बसायचं, भोक रिकामं राहतच नाही. स्कॅन झाला की उलट. त्याने रबराच्या कानावर दहा वेळा करून दाखवलं, मग माझ्याकडून वीस वेळा करून घेतलं. माझी पक्कड बघून म्हणाला, "ही बाजूला ठेवा. बोटांनी नाही निघालं तरच. पक्कड हातात असली की माणूस घाई करतो."

हात धुताना त्याने सहज विचारलं, "पिकलेलं असेल तर काय करता?"

"काढते," मी म्हटलं.

"तसं नका करू. बाळी काढली की भोकाचं तोंड बंद होतं आणि पू आत कोंडतो. खाली पाळीत असलं तर निभावून जातं. वरच्या कडेला असलं तर आतला कडक भाग कुजतो. मग कापून धुवावं लागतं आणि कान मिटून जातो, हातात चुरगळलेल्या कागदासारखा. बाळी आत ठेवूनच डॉक्टरकडे पाठवा. काय काढायचं ते डॉक्टर ठरवेल."

मी म्हटलं, आमच्याकडे तशी केस कधी आली नाही.

"आली तरी दिसणार नाही तुम्हाला," टोच्या म्हणाला. "अशी माणसं केस मोकळे सोडतात."

नळ्या सेंटरमध्ये भरपूर आहेत. उद्यापासून सुरू करते. तीन मापांच्या लागतील. बारीक, मध्यम, जाड.

७ नोव्हेंबर

आज तिघांचं केलं, नळी पहिल्यांदाच बसली. एकाच्या नाकात, दोघींच्या कानात.

टोच्याला काही सगळं माहीत नसणार. तो डॉक्टर नाही.

८ नोव्हेंबर

आमच्या डॉक्टरांना विचारलं, एका पेशंटचं म्हणून. त्यांनी शब्द जरा जड वापरले, पण तेच सांगितलं.

९ नोव्हेंबर

सकाळी हे अंघोळीला निघाले तेव्हा गुलाबी टॉवेल खांद्यावर होता. मी दारात उभी राहिले आणि विचारलं, "हा टॉवेल कुणाचा?"

"तूच दिलेला," हे म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की जणू चार महिने कुणीतरी विचारायची वाट बघत होते.

मग स्टुलावर बसले, त्याच स्टुलावर, आणि सगळं सांगितलं. ट्रेनिंग वगैरे काही नव्हतं. लेकीला ताप चढला, कान सुजून गाल डोळ्यापर्यंत आला, ऑफिसातल्या लोकांनी दवाखान्यात टाकलं. दोनदा कापावं लागलं. हे पाच दिवस तिच्या खाटेशेजारी खुर्चीवर बसून होते. कान वाचला, आकार वाचला नाही. ऐकू येतं. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं, ऐकू येतं.

"मला का नाही सांगितलं?"

"तिने शपथ घातली."

"का पण?"

हे टॉवेलची घडी घालत बसले. मग म्हणाले, "म्हणाली, आईला कळलं की ती म्हणेल, मी आधीच सांगितलं होतं."

मी खरंच तसं म्हटलं असतं. अगदी हेच शब्द.

रडू आलं नाही. लाज वाटली. अंगावरून पाणी गेलं तरी जात नाही अशी लाज. सात तासांच्या अंतरावर माझी पोर खाटेवर पडली होती आणि मी इथे पाणी उकळून पी म्हणून सांगत होते. आणि ह्या डायरीची मागची पानं वाचली. सगळं मीच लिहिलंय, खुर्ची, केस, खिडकी, चष्मा. एकही गोष्ट नजरेतून सुटलेली नाही आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही.

ह्यांच्यावर चिडायला गेले, पण जमलं नाही. शपथ पाळायची आणि माझ्याबरोबर रोज जेवायला बसायचं, ते त्यांनाही सोपं गेलं नसणार.

७ डिसेंबर

महिनाभर फोनवर नेहमीसारखंच बोलले. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. नाहीतर मला भीती वाटत होती असं म्हणू. काल एकटीच बसमध्ये बसले आणि गेले. तिला फक्त येते म्हणून कळवलं. बसमध्ये काय बोलायचं ते सात तास घोकलं. पिशवीत पक्कड होती. का घेतली ते सांगता येणार नाही, निघताना हात तिकडे गेला.

तिची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खाट, एक टेबल, भिंतीवर कसल्याशा नदीचा अर्धवट नकाशा. खिडकी डाव्या बाजूला आहे. तिने चहा केला. मी घोकलेलं सगळं विसरले आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "चूक माझी होती. पिकलेलं काढायचं नसतं. तू नको म्हणत होतीस आणि मी ऐकलं नाही."

"बाबांनी सांगितलं?"

"आधी टोच्याने सांगितलं. मग बाबांनी."

"टोच्या कोण?"

ते सांगावं लागलं. रबराच्या कानापर्यंत आल्यावर ती हसली. हसताना चष्मा घसरला, तिने बोटाने वर केला. मग दोघींनी चहा प्यायला.

"मला तुझा फार राग आला होता," ती म्हणाली. "अजून आहे थोडा. पहिल्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले असते ना."

"हो."

"तू दोन मिनिटांत उरकलंस."

"हो."

मी आधीच सांगितलं होतं, हे मी बोलले नाही. ते आता कधीच बोलणार नाही. शेवटी कप धुवायला उठले, परत आले आणि विचारलं, "चष्मा सरळ करून देऊ? नको असेल तर राहू दे."

तिने चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी केस मागे घेऊन बांधले.

डाव्या कानाची वरची कमान नाही. तिथे दुमडलेली जाड गाठ आहे, बोटाच्या पेराएवढी, आणि तिच्या मागून दोन पांढऱ्या रेषा खाली येतात. पाळी जशीच्या तशी, जन्मल्यावर होती तशी मऊ. हात लावू का विचारलं. लाव म्हणाली. डोळे भरले असते तर माप चुकलं असतं, म्हणून आधी माप घेतलं. उजव्या कानापेक्षा काडी टेकायची जागा अर्ध्या पेराने खाली आहे. डावी काडी तेवढीच वाकवायची. एकदा वाकवली, लावून बघितली, कमी पडली. दुसऱ्यांदा जास्त झाली. तिसऱ्यांदा बसली. प्रत्येक वेळी तिला विचारलं, दुखतंय का. पाऊण तास लागला. तिने एकदाही 'लवकर कर' म्हटलं नाही.

तिने आरशात पाहिलं, मान हलवून पाहिली, वाकून पाहिली. "पडत नाही," म्हणाली. मग मला दुसरीकडे तोंड करून नाक पुसावं लागलं.

निघताना पक्कड पिशवीत टाकत होते तर तिने हातातून घेतली. चोचीवरची चिकटपट्टी जरा वेळ निरखली आणि टेबलाच्या खणात ठेवून खण लावला.

"ही इथेच राहू दे."

"अगं, मला कामाला लागते."

"म्हणूनच," ती म्हणाली.

१३ डिसेंबर

टायपिस्टबाई पुन्हा स्कॅनला आल्या. भुवई परत टोचून घेतलीय, टोच्याकडेच. मला बघून पर्स घट्ट धरली. मी नळी दाखवली, काय करणार ते आधी सांगितलं, हवं तर थांबवा म्हटलं. बोटांनीच केलं. पाऊण तासाने कडं परत बसलं, कसली झटापट नाही. बाईंनी आरसा मागितला नाही. म्हणाल्या, "आज पक्कड दिसत नाही?"

"लेकीने ठेवून घेतली."

"मागून घ्या की."

"नाही मागत," मी म्हटलं.

सेंटरमधले अजून पक्कडताईच म्हणतात. म्हणू देत.

१५ डिसेंबर

रविवार. फोन आला तेव्हा मीच उचलला. चित्रात डावी बाजू होती. केस बांधलेले, चष्मा सरळ. बोलता बोलता पेन्सिल कानावर अडकवायला गेली, ती राहिली नाही, खाली पडली. तिने ती उचलून उजव्या कानावर ठेवली आणि बोलणं तसंच पुढे चालू.

मी म्हटलं, "खिडकी त्या बाजूला गेली वाटतं?"

"हो," ती म्हणाली, "सरकवली."